डॉन बॉस्को आणि तुरीनची बेघर मुलं : कामाच्या पद्धतीबद्दल जाणकारांचे अनुभव

एकोणिसाव्या शतकात इटलीतल्या तुरीन शहरात बेघर मुलांसाठी काम करणारे धर्मगुरू डॉन बॉस्को मायाळू होते, हे सगळ्यांना ठाऊक आहे. इथे फक्त कामाचं लिहा. मुलं झोपत कुठे, शिकत काय, बिनसायचं कुठे?

०००

१८४६ च्या एप्रिलमध्ये तुरीनच्या वाल्डोक्को भागात पिनार्दी नावाच्या माणसाची शेड भाड्याने मिळाली. ती इतकी ठेंगणी होती की आतली जमीन खणून खाली न्यावी लागली. पण ती प्रार्थनेची जागा. झोपायला मुलांना आधी गवताच्या माळ्यावर जागा आणि पांघरुणं दिली, तर ती पहाटे पांघरुणांसकट पसार! १८४७ मध्ये पावसात भिजून आलेल्या एका पोरासाठी डॉन बॉस्कोंच्या आई मार्गेरिता यांनी स्वयंपाकघरात विटांवर फळ्या टाकल्या आणि भांडी जाऊ नयेत म्हणून दाराला कुलूप घातलं. चरित्रकारांनी हे कुलूप गाळू नये. विश्वास एका रात्रीत बसत नाही.

०००

माझ्या मते खरं काम मुलाला कारागिराकडे (उस्तादाकडे) धंदा शिकायला ठेवताना केलेल्या करारांत आहे. नोव्हेंबर १८५१ चा काचकामाचा करार साध्या कागदावर आहे, फेब्रुवारी १८५२ चा सुतारकामाचा मुद्रांकित कागदावर. सुतारकामाची मुदत दोन वर्षं. रोजी पहिले सहा महिने ३० सेंतेसिमी (लिराचा शंभरावा भाग), पुढचे सहा ४०, दुसऱ्या वर्षी ६०. चूक झाली तर उस्तादाने तोंडी समज द्यायची, हात उचलायचा नाही. सणावारी सुट्टी, शिवाय वर्षाला १५ दिवस. उस्ताद, मुलगा आणि वडील यांच्याबरोबर डॉन बॉस्कोही सही करत. तोंडी ठरलं असतं तर मुलगा झाडलोट आणि निरोप्याच्या कामातच अडकला असता.

०००

करार करूनही बाहेरच्या कारखान्यातली संगत सुटत नव्हती, म्हणून वाल्डोक्कोच्या आवारातच कामशाळा निघाल्या. १८५३ मध्ये चांभारकाम आणि शिवणकाम, १८५४ मध्ये पुस्तकबांधणी, १८५६ मध्ये सुतारकाम. छपाई आणि लोहारकाम १८६० नंतर. हा क्रम व्यवहाराला धरून आहे. जोडे-कपड्यांना भांडवल कमी लागतं आणि माल घरातच खपतो.

०००

शिस्तीचा भाग डॉन बॉस्कोंच्या १८७७ च्या टिपणात आहे. नियम आधी सांगायचे, मुलांना एकटं सोडायचं नाही, चारचौघांत शिक्षा सहसा करायची नाही, मारायचं तर मुळीच नाही. मुलं जमण्याआधी देखरेख करणाऱ्याने हजर असायचं आणि दुसरा आल्याशिवाय हलायचं नाही. या पद्धतीला माणसं फार लागतात, आणि मोडते ती तिथेच. डॉन बॉस्कोंनी १८८४ मध्ये रोमहून लिहिलेल्या पत्रातली तक्रार हीच : मोठी माणसं खेळाच्या वेळी मुलांत मिसळायची सोडून आपापसांत गप्पा मारतात किंवा लांबून नुसती पाहतात. मग मुलं मनातलं बोलेनाशी होतात. पुढे पाळत वाढवली तरी लपवाछपवीच वाढते.

०००

वरच्यात एक भर. झोपण्याआधी सगळ्यांसमोर दोन-तीन मिनिटं बोलायचं : दिवसभरात घडलेलं काही, उद्याची सूचना. त्याहून लांबवायचं नाही.