मदत हवी आहे: जुन्या पीसीतला ब्राउझर हायजॅकर फॉरमॅट न करता कसा काढावा?

नमस्कार मंडळी,

सदाशिव पेठेत आईबाबांकडे एक जुना डेस्कटॉप आहे. विंडोज ७ वरून १० वर आणलेला, ४ जीबी रॅम, साधी हार्ड डिस्क. विंडोज ११ त्यावर चढत नाही. बाबा त्यावर आमच्या घराण्याच्या कुलवृत्तांताचं काम करतात. सगळा मजकूर वर्डमध्ये आहे, पण जुन्या श्रीलिपी फॉन्टमध्ये, युनिकोड (कुठल्याही मशीनवर मराठी नीट दिसणारी पद्धत) नाही. फॉन्ट गेला की अख्ख्या वंशावळीच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा काला दिसणार. सॉफ्टवेअरची मूळ सीडी सापडत नाही. जवळच्या दुकानात विचारलं तर "फॉरमॅट मारून देतो, संध्याकाळी घेऊन जा" एवढंच उत्तर मिळालं. ते मला अगदी शेवटी करायचं आहे.

पीडीएफचं वर्ड करणारं एक फुकट सॉफ्टवेअर बसवल्यापासून हा हायजॅकर (ब्राउझरचा ताबा घेणारं उपद्रवी सॉफ्टवेअर) मागे लागला. क्रोम उघडलं की भलतंच सर्च पान येतं. खाली उजवीकडे "संगणकात व्हायरस आहे" अशा चौकटी येत राहतात, आई घाबरून जाते. क्रोमच्या मेनूत तळाशी, हा ब्राउझर तुमच्या संस्थेच्या ताब्यात आहे अशा अर्थाची ओळ दिसते. घरच्या पीसीला संस्था कुठली? आणि एक एक्स्टेन्शन (क्रोमला जोडलेला छोटा प्रोग्रॅम) असं आहे की ते काढायचं बटणच चालत नाही.

अनोळखी प्रोग्रॅम अनइन्स्टॉल केले, विंडोजच्याच डिफेंडर अँटिव्हायरसचा फुल स्कॅन केला, क्रोम रिसेट केलं. रीस्टार्ट केलं की पान पुन्हा हजर. जुन्या लेखांत क्रोमचाच क्लीनअप वापरा असं लिहिलेलं असतं, पण ती सोय २०२३ मध्येच काढून टाकली आहे.

हे परत येतं कुठून? आणि बाबांच्या फायली पेन ड्राइव्हवर घेतल्या तर त्यांच्याबरोबर घाणही येईल का?

मुठाकाठ:
आधी फायली. नेटची वायर काढा आणि फक्त वर्डच्या फायली व विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरमधले श्रीलिपीचे फॉन्ट पेन ड्राइव्हवर घ्या. सेटअपच्या किंवा .ईएक्सई फायली अजिबात घेऊ नका. नुसत्या मजकुराच्या फायलींतून हायजॅकर सहसा येत नाही. तरी दुसऱ्या मशीनवर उघडण्याआधी स्कॅन करा, आणि वर्डने मॅक्रो (फायलीत दडलेल्या आज्ञा) चालू करू का विचारलं तर नको म्हणा.

ती 'संस्था' म्हणजेच तुमचा चोर आहे. कंपन्या आपल्या कर्मचाऱ्यांच्या मशीनवर रेजिस्ट्रीतून (विंडोजच्या सेटिंग्जच्या साठ्यातून) क्रोमला नियम घालून देतात. हायजॅकर तीच वाट वापरून एक्स्टेन्शन सक्तीने बसवतो, म्हणून ते काढता येत नाही आणि रिसेटही पुरत नाही. रेजिस्ट्रीत सॉफ्टवेअर, पॉलिसीज, गूगल, क्रोम असं आत जा. तिथली ती 'की' (नोंदींचा फोल्डर) आधी एक्स्पोर्ट करून म्हणजे तिची प्रत काढून ठेवा, मग काढून टाका. घरच्या पीसीला तिची गरज नसते.

पण त्याआधी टास्क शेड्युलर (ठरलेल्या वेळी आपोआप कामं चालवणारं विंडोजचं साधन) उघडा. लॉगिन होताच चालणारं, विचित्र नावाचं एखादं काम तिथे असेल तर ते बंद करा. तेच सगळं पुन्हा मांडून ठेवत असतं. क्रोमच्या शॉर्टकटची प्रॉपर्टीजही बघा: टार्गेटमध्ये क्रोम डॉट ईएक्सईच्या पुढे एखादा पत्ता चिकटवलेला असेल तर तेवढा खोडा.

मग मालवेअरबाइट्सचं ॲडव्हक्लीनर त्यांच्याच साइटवरून घेऊन चालवा. ते फुकट आहे आणि नेमकं अशाच उपद्रवांसाठी आहे. शेवटी डिफेंडरचा ऑफलाइन स्कॅन. मशीन रीस्टार्ट होऊन विंडोज सुरू होण्याआधीच तो चालतो, त्यामुळे एरवी लपून बसणारंही सापडतं.

पेठकरीण:
दोन गोष्टी राहिल्या. क्रोमचं सिंक (गूगल खात्यातून सेटिंग्ज आपोआप उतरवणारी सोय) बंद करा, नाहीतर साफ केलेलं एक्स्टेन्शन खात्यातून परत उतरतं. आणि त्या भीतीदायक चौकटी बहुतेक वेळा वेबसाइटला दिलेल्या नोटिफिकेशनच्या परवानगीतून येतात. साइट सेटिंग्जमध्ये जाऊन अनोळखी साइट्स काढून टाका. आईंना सांगा, चौकटीतल्या नंबरवर फोन करायचा नाही. पासवर्ड दुसऱ्या मशीनवरून बदला. चुकून पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार करा.

धागाकर्ता:
दोघांचेही मनापासून आभार. टास्क शेड्युलरमध्ये अगम्य अक्षरांच्या नावाचं एक काम सापडलं, दर लॉगिनला चालणारं. ते आणि रेजिस्ट्रीतली क्रोमची 'की' काढल्यावर 'संस्था' गेली, एक्स्टेन्शनही निघालं. रीस्टार्ट करून पाहिलं, गूगलच उघडतंय. ऑफलाइन स्कॅन आज रात्री लावतो.

एक विचारायचं राहिलं. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. हे मशीन नेटपासून कायमचं तोडून फक्त कुलवृत्तांतासाठी ठेवावं, असं बाबांना सुचवतोय. श्रीलिपीतला मजकूर युनिकोडमध्ये नेताना जोडाक्षरं न मोडणारं कन्व्हर्टर कुणी वापरलं आहे का?