मदत हवी आहे : ठेकेदार नातेवाइकाचा आहेर घ्यावा का?

कर्नाटकातल्या (बेळगाव जिल्हा) खानापूर तालुक्यातल्या एका पीडीओंच्या, म्हणजे ग्रामपंचायतीच्या पंचायत विकास अधिकाऱ्यांच्या, मुलीचं लग्न आहे. त्यांचे सख्खे मेहुणे त्याच पंचायतीची गटारांची कामं घेतात. त्यांनी 2 तोळे सोनं घालायचं ठरवलंय. लग्नात जवळच्या नातेवाइकांचा आहेर कर्नाटकच्या वर्तणूक नियमांत चालतो, ठरावीक किमतीच्या वर गेल्यास सरकारला कळवावा लागतो. पण मेहुण्यांच्या बिलांवर सही पीडीओंचीच! भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याचं कलम 7 (सरकारी सेवकाने लाच घेणं) लागलं तर 3 ते 7 वर्षं कैद, आणि सोनं मुलीच्या नावे दिलं तरी सुटका नाही. माझ्या मते नाकारणंच बरं, निदान बिलं थकीत असेपर्यंत तरी.

तरीही घ्यायचं झाल्यास पूर्वपरवानगीचा अर्ज तालुका पंचायतीत द्यायचा की जिल्हा पंचायतीत? किंमत सराफाच्या पावतीची धरतात का? कन्नड अर्जाचा नमुना कुणाकडे असल्यास कृपया द्यावा.