१५ नोव्हेंबर: तुमच्या घरी या तारखेला काय आठवतं?

धामकाठचा
उद्या परिपाठात दिनविशेष वाचायची पाळी लेकीची. जेवता जेवता वहीत उतरवत होती. १८७५, बिरसा मुंडांचा जन्म. १९४९, गोडसे आणि आपटेला अंबाल्याच्या तुरुंगात फाशी. १९८२, विनोबा गेले. २०००, झारखंड राज्य. तिसऱ्या ओळीशी मी अडकलो.

त्या वर्षी १५ नोव्हेंबरलाच लक्ष्मीपूजन होतं. मी नऊ वर्षांचा. विनोबांचा पवनारचा आश्रम आमच्या गावाहून सायकलनं तासाभरावर. त्यांनी अन्नपाणी सोडलं, हेच बोलणं आठवडाभर घरोघरी. रेडिओवर बातमी आली तेव्हा आई रांगोळी टाकत होती, चिमूट तशीच हातात राहिली. वडील सायकल काढून निघाले ते रात्रीच परतले, पायजम्याला धाम नदीची वाळू. मधल्या खोलीत कापसाचा ढीग, त्याच्यापासून दूर एकच पणती. फटाके बंद. खरं सांगतो, मला तेव्हा विनोबांचाच राग आला होता. डालड्याच्या डब्यातली लवंगी पुढे दमट होऊन गेली.

तुमच्याकडे आहे का अशी एखादी तारीख? हीच पाहिजे असं नाही.

मिरची_भाकर
आमच्या सासूबाईंना तारीख माहीतच नाही. त्यांच्या लेखी विनोबा लक्ष्मीपूजनालाच गेले, मग ते ऑक्टोबरात येवो की नोव्हेंबरात. एक पणती वेगळी लावतात. मी विचारलं तर म्हणे, तारीख सरकारची. थांबा, तव्यावर भाकर आहे

अकोल्याचा_पाहुणा
अन् सचिन? १५ नोव्हेंबर १९८९, कराची, पहिली टेस्ट! सोळा वर्षांचं पोरगं. आमच्या गावात पेपर दुपारच्या एष्टीनं यायचा, तो पारावर कोणीतरी मोठ्यानं वाचायचा. १५ धावा, वकारनं दांडी उडवली (वकारचीही ती पहिलीच). काका म्हणे, "हे पोट्टं काही टिकत नाही." काका आता सत्तरीचा झाला, लग्नात भेटला की अजून चिडवतो त्याले.

पांदण_रस्ता
सलिल अंकोला पण त्याच टेस्टात पहिल्यांदा उतरला होता. अन् तीच त्याची शेवटची. त्याची आठवण कोणी काढत नाही.

अकोल्याचा_पाहुणा
@पांदण_रस्ता तुम्ही काढली न भाऊ 😄

धानोऱ्याची
आमच्या गडचिरोलीत बिरसांच्या जयंतीला ढोल वाजतो, रॅली निघते. पण माझ्या घरात तारीख चालते २१ ऑक्टोबर. १८५८ साली याच दिवशी बाबुराव शेडमाकेंना चांदा जेलात फाशी दिली. इंग्रजांविरुद्ध उठलेला आमचा माणूस. बाबा सकाळी फोटोला हार घालतात. आणि माझा भाऊ पोलिसात. २१ ऑक्टोबरलाच पोलीस स्मृतिदिन, १९५९ मध्ये लडाखला हॉट स्प्रिंग्सपाशी दहा जवान गेले त्यांचा. भाऊ पहाटे परेडला जातो. तिथं त्या वर्षी देशभरात गेलेल्या पोलिसांची नावं वाचतात. एका वर्षी त्यात त्याच्यासोबत ट्रेनिंग केलेल्याचं नाव होतं. घरी आला, बूट न काढता शेडमाकेंच्या फोटोसमोर बसून राहिला. आईनं चहा दिला, तो थंड झाला. कोणी काही बोललं नाही.

मिरची_भाकर
ताई 🙏 भावाला जपून राहायला सांगा

निवृत्त_मास्तर
त्याच तारखेला १९४३ साली नेताजींनी सिंगापुरात आझाद हिंद सरकार स्थापन केलं. आता मूळ तारखेवर येतो. विनोबा गेले त्याच दिवशी मॉस्कोत सोव्हिएत रशियाचे नेते ब्रेझनेव्ह यांचा दफनविधी होता. विनोबांचा जन्मदिवसही पाहा, ११ सप्टेंबर १८९५. विवेकानंद शिकागोत बोलले ते ११ सप्टेंबर १८९३ ला, न्यूयॉर्कचे मनोरे पडले ११ सप्टेंबर २००१ ला. आणि ज्या तारखेला गांधींचा मारेकरी फासावर गेला, त्याच तारखेला गांधींचा पहिला वैयक्तिक सत्याग्रही गेला. ही फाशी होऊ नये म्हणून गांधींच्या दोन मुलांनी, मणिलाल आणि रामदास यांनी, विनवणी केली होती. पोरं हे वहीत लिहीत नाहीत. मी शिकवायचो तेव्हा मीही सांगितलं नाही, परीक्षेला येत नसे.

काळीमाती
सगळं बरोबर हाय, पण वेचणीले बाया भेटून राहिल्या का कोणाले? वावर पांढरं झालं, वरून आभाय आलं. आमच्याकडं १५ नोव्हेंबरले हेच दिनविशेष.

पांदण_रस्ता
नाही ना बाप्पा. किलोमागं किती देऊन राहिले?

काळीमाती
इथं नको, फोन करतो. शेजारी वाचून राहिला.

मिरची_भाकर
😂😂 शेजाऱ्याची मीच घरवाली, बोला

धामकाठचा
वाचून आली लेक. सगळं नीट झालं, फक्त ब्रेझनेव्हपाशी अडखळली. मास्तरांचा मजकूर वाचून तिनं रात्रीच वहीत टाकला होता, मला पत्ताच नाही. सरांनी विचारलं, हे कुठून आणलं? म्हणे, बाबाच्या मोबाईलमधून. आता सरांनी मला भेटायला बोलावलंय.