समृद्धी महामार्गावर गाडी घालण्याआधी काय-काय बघता? (अनुभव धागा)

शेलूची लेक
भाच्याने जुनी गाडी घेतली. बायको-लेकराला घेऊन कारंज्याहून समृद्धीने मुंबईला निघतो म्हणतो. "मावशी, सरळ रस्ता आहे, डोळे मिटून जाता येते," असं फोनवर बोलला आणि मला बाबा आठवले. बाबा एसटीत चालक होते. पहाटेच्या फेरीआधी लोखंडी रॉड घेऊन प्रत्येक चाकावर ठोका मारत, कान देऊन ऐकत. हवा भरलेली असली की आवाज टणक, कमी असली की बद्द. मागच्या जोडचाकातलं आतलं चाक बसलेलं नजरेला दिसत नाही, ठोक्यानेच कळतं.
आपल्या गाड्या वर्षभर वावरात, तालुक्याला, लग्नाला जातात. वेग ४०-५०. तिथे जे चालून जातं ते १२० ला चालत नाही. १२० म्हणजे सेकंदाला ३३ मीटर! भाच्याला हा धागा वाचायला देणार आहे. आपापले अनुभव लिहा.

वर्धेकर
हवा. घरून निघताना, टायर थंड असताना. किती भरायची ते ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेलं असते, फुल लोडचा आकडा वेगळा. पंपावरच्या पोराला "टाक पस्तीस" म्हणून मोकळं होऊ नका. आणि मे महिन्यात रस्त्यात मधेच चेक केली तर आकडा वाढलेला दिसणारच, घाबरून हवा सोडू नका.

चाकवाला भाऊ, मेहकर
माह्या दुकानात लोक येतात न म्हणतात, भाऊ टायर तं नवाच दिसते. खाच असते पण टायर म्हातारं झालेलं असते. बाजूला चार आकडे पाहा. २३१९ असन तं २०१९ चा तेविसावा आठवडा. गोटा झालेलं, म्हंजे खाच घासून गेलेलं टायर तं कोणालेही समजते, फुगा नाही समजत. गावातल्या खड्ड्यात आपटून बाजूले फुगा येते, तो आतल्या बाजूले असला तं दिसतच नाही. गाडी जॅकवर घेऊन चाक फिरवून पाहा. अन् हवा कमी असलेलं टायर चालता चालता दबत-सुटत राहते, त्यानं गरम होते, मंग फुटते. लोकं म्हणतात सिमेंट रोडनं फुटलं. रोड गरम असतेच, पण अर्धं काम कमी हवेनं केलेलं असते.

मास्तरीण
लेकरू मांडीवर घेऊन पुढे बसायचं नाही, हे आधी सांगा सुनेला. एअरबॅग उघडली की लेकरू मधे सापडतं. मागे बसा, मागेही बेल्ट लावा. आमच्याकडे मागचा बेल्ट सीटखाली दाबून टाकलेला असतो, तो आजच काढून ठेवा.

सिंदखेडकर
१ जुलै २०२३ ची ती रात्र आमच्या तालुक्यात कोणी विसरलं नाही. खासगी बस, पिंपळखुट्याजवळ, २५ माणसं जळून गेली. तेव्हापासून आमच्या घरात नियम आहे, समृद्धीने रात्री निघायचं नाही. पहाटे ५ ला निघा, आदल्या रात्री पोटभर झोपून. दिवसभर वावरात काम करून रात्री स्टिअरिंग धरणारे खूप बघितले.

शेलूची लेक
@सिंदखेडकर वाचून गलबलून आलं. त्या रात्री आमच्याकडेही सगळे जागे होते, ओळखीचं कोणी नव्हतं तरी.

ट्रकवाल्याची बायको
झोप आली की काच उघडणं, गाणे लावणं, तोंड धुणं यानं काही होत नाही. माह्या मालकांचं म्हणणं, डुलकी येते ते समजतच नाही. जांभई सुरू झाली, मागचे दोन-चार किलोमीटर कसे गेले आठवत नाही, की गाडी बाहेर काढायची न झोपायचं. अर्धा घंटा पुरते. कडेला मात्र नाही थांबायचं, इंटरचेंजवर नाहीतर पंपावर. कडेला उभ्या गाडीवर मागून येऊन आदळणारे लय.

कापूसवाला
रोही (नीलगायी) बी सांगा. जाळी आहे, तरी येतात. आमच्या तुरीत तं कळपच उतरते. सोलर कुंपण केलं कोणी? अनुदान मिळते का?

वर्धेकर
@कापूसवाला भाऊ, तालुका कृषी कार्यालयात विचारा, नाहीतर वेगळा धागा काढा, मी पण येतो तिथे. माह्या चण्याचं तेच झालं.

अमरावतीची पोर
पाण्याची बाटली!! ड्रायव्हरच्या पायाशी काहीच ठेवू नका. गडगडत ब्रेकखाली गेली की ब्रेक दाबलाच जात नाही. चप्पलही तशीच. बूट घाला.

निवृत्त मेकॅनिक
चालत्या गाडीचं टायर फुटलं तर ब्रेकवर पाय मारू नका. स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरा, अॅक्सिलरेटर सोडा, गाडी आपोआप हळू होऊ द्या, मग डावीकडे घ्या. उतरा, सगळ्यांना कठड्यापलीकडे उभं करा, धोक्याचा लाल त्रिकोण गाडीच्या बराच मागे ठेवा. गाडीत बसून वाट बघायची नाही. ११२ आणि १०८ लावा.
कूलंटही बघून घ्या, नुसतं पाणी नको. आणि तापलेल्या रेडिएटरचं झाकण कधीच उघडू नका, उकळतं पाणी तोंडावर येतं.

मास्तरीण
टाकी फुल करूनच वर चढा. पोळ्या-ठेचा सोबत असू द्या.

अमरावतीची पोर
ठेच्याने झोप जाते का 😄 रेसिपी टाका ना ताई

शेलूची लेक
भाच्याने फोटो पाठवला. तीन टायरवर ०८२१ आहे, चौथ्यावर ३३१७. @चाकवाला भाऊ?

चाकवाला भाऊ, मेहकर
तो चौथा आजच काढा ताई, खाच दिसो का न दिसो. बाकी तीनले फुगा पाहून घ्या. अन् पोराले स्टेपनी बी काढून पाहायले सांगा, तिच्यात हवाच नसते.