मोटरच्या स्टार-डेल्टा स्टार्टरची आकृती एआयकडून काढून घेताय का कुणी? माझ्या तारा चुकतायत

आयटीआय_निदेशक
नमस्कार मंडळी. मी इलेक्ट्रिशियन ट्रेडला शिकवतो. मुलं बहुतेक खेड्यातली, म्हणून मराठी नावं घातलेल्या वायरिंगच्या आकृत्या मला हव्या आहेत. फळ्यावर एक आकृती काढायला अर्धा तास जातो आणि पुसली की गेली.

गेल्या आठवड्यात चित्रं काढणाऱ्या एआयला स्टार-डेल्टा स्टार्टरचं (मोटर आधी स्टार जोडणीत कमी व्होल्टेजवर सुरू करून मग डेल्टा जोडणीत पूर्ण व्होल्टेजवर नेणारा) पानभर वर्णन लिहून दिलं: ४१५ व्होल्ट थ्री फेज, मेन, स्टार आणि डेल्टा असे तीन कॉन्टॅक्टर (कॉइलने ओढले जाणारे स्विच), ओव्हरलोड रिले (करंट जास्त झाला की मोटर बंद करणारा), टायमर, सहा टर्मिनलची मोटर. चित्र छापील पुस्तकासारखं देखणं आलं. पण पेन्सिलीचं टोक आर फेजच्या तारेवर ठेवून खाली आलो, तर तार ओव्हरलोडच्या मागे जाऊन संपलीच. एका कॉन्टॅक्टरला चार पोल, दुसऱ्याला दोन. ‘कॉन्टॅक्टर’मधलं जोडाक्षर तर वाचताच येईना. तीनदा पुन्हा काढून घेतलं, दर वेळी नवी चूक. माझी मुलं आकृती बघून खरोखर तारा जोडतात हो. कुणाला जमलंय का हे?

पॅनेल_डिझाइन
सर, थेट चित्र मागू नका. ते एआय आकृतीसारखं दिसणारं काहीतरी रंगवतं, कुठली तार कुठे टेकते याचा हिशोब ठेवत नाही. चॅटवाल्या एआयकडून आधी नुसता जोडणीचा तक्ता घ्या: कुठल्या टर्मिनलपासून कुठल्या टर्मिनलपर्यंत, कुठला फेज, तारेचा नंबर. तो तुम्ही स्वतः तपासा. मग त्याच तक्त्यावरून एसव्हीजी (रेषा आणि अक्षरं मजकुरात लिहिलेली चित्राची फाइल) कोड लिहून घ्या. फाइल ब्राउझरमध्ये उघडते, अक्षरं फॉन्टमधून येतात, त्यामुळे जोडाक्षरं तुटत नाहीत. एक तार चुकली तर तेवढीच ओळ बदलायची. पॉवर (मोटरला वीज नेणारं) आणि कंट्रोल (कॉन्टॅक्टरच्या कॉइल चालवणारं) सर्किट मात्र वेगवेगळी काढा.

कोडवाली
मर्मेड किंवा ग्राफव्हिझ (मजकुरावरून आकृती काढणारे प्रोग्राम) सुचवणार होते, पण वायरिंगला नको. त्यात खोक्यांची मांडणी प्रोग्रामच ठरवतो, टर्मिनल हवं तिथे राहत नाही. ‘स्टार चालू, टायमर, स्टार बंद, डेल्टा चालू’ हा क्रम दाखवायला मर्मेड झकास. लाटेक (कोड लिहून पानं मांडायचा प्रोग्राम) येत असेल तर त्यातलं सर्किट काढायचं सर्किटिक्झ बघा.

आयटीआय_निदेशक
दोघांचेही मनापासून आभार. काल रात्री तक्ता करून घेतला आणि चूक तिथेच सापडली. आर फेजवर यू१, वायवर व्ही१, बीवर डब्ल्यू१ (मोटरच्या तीन वाइंडिंगची पहिली टोकं), इथपर्यंत बरोबर. पण डेल्टा कॉन्टॅक्टरमधून यू२ पुन्हा आरलाच, व्ही२ वायला, डब्ल्यू२ बीला! म्हणजे प्रत्येक वाइंडिंगची दोन्ही टोकं एकाच फेजवर. वाइंडिंगवर व्होल्टेज शून्य, डेल्टावर जाताच मोटरचा जोर संपला. मी दुरुस्त केलं: यू२ वायला, व्ही२ बीला, डब्ल्यू२ आरला. चित्रात हे मला दिसलं असतं की नाही, शंकाच आहे. तक्त्यात तीन ओळी एकाखाली एक होत्या, लगेच खटकल्या.

इंटरलॉकही (दोन कॉन्टॅक्टर एकदम चालू होऊ न देणारी जोडणी) नव्हतं. ते मी वर्णनातच लिहिलं नव्हतं. मला तोंडपाठ आहे म्हणून लिहायचं सुचलंच नाही. स्टार आणि डेल्टा एकदम ओढले गेले तर तिन्ही फेज शॉर्ट. आता एकमेकांच्या कॉइलमध्ये २१-२२ चे एनसी (कॉन्टॅक्टर ओढला की उघडणारे) संपर्क घालायला सांगितलेत.

पॅनेल_डिझाइन
सर, ओव्हरलोडचा ९५-९६ आणि होल्डिंगचा (बटण सोडल्यावरही सर्किट चालू ठेवणारा) १३-१४ हे नंबरही छापून घ्या. मुलांना खऱ्या कॉन्टॅक्टरवर तेच नंबर कोरलेले दिसतात.

आयटीआय_निदेशक
घातले. ए३ कागदावर प्रिंट काढलीय. सोमवारी मोटर न जोडता आधी नुसतं कंट्रोल सर्किट चालवून बघणार, आकृती हातात धरून. स्टार सुटल्यावरच डेल्टा ओढला गेला, तर प्रिंट वर्कबेंचवर चिकटवेन आणि एसव्हीजी फाइल इथे टाकेन.