सेंट अँड्र्यूजच्या ओल्ड कोर्सचा आराखडा नेमका कोणाचा?

सेंट अँड्र्यूजच्या ओल्ड कोर्स या गोल्फ मैदानाची आखणी एकोणिसाव्या शतकातील गोल्फपटू व मैदानाची देखभाल करणारे ओल्ड टॉम मॉरिस यांनी केली असे म्हटले जाते, त्यात थोडी दुरुस्ती सुचवावीशी वाटते. स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरील या वालुकामय माळरानाला मुळात कोणी एक रचनाकार नव्हताच. वारा, चरणाऱ्या मेंढ्या आणि शतकानुशतके एकाच वाटेने जाऊन त्याच वाटेने परतणारे खेळाडू यांनी ते हळूहळू घडवले. १७६४ मध्ये सुरुवातीच्या चार होल्सची (होल म्हणजे चेंडू घालायचा खळगा आणि तिथवरचा खेळाचा टप्पा) दोन केल्यामुळे, आणि ती जाताना व परतताना दोन्ही वेळा खेळली जात असल्याने, फेरी २२ वरून १८ होल्सची झाली आणि पुढे तोच आकडा जगभर रूढ झाला.

जाणारे व परतणारे खेळाडू एकाच होलवर समोरासमोर येऊ लागल्याने ग्रीन (खळग्याभोवतीची बारीक कापलेल्या गवताची जागा) रुंद करून त्यांवर दोन-दोन होल्स ठेवण्यात आली. अशी सात जोडग्रीन आजही आहेत, आणि प्रत्येक जोडीतील क्रमांकांची बेरीज १८ भरते (दुसरे व सोळावे, तिसरे व पंधरावे, याप्रमाणे). मॉरिस यांचे श्रेय वेगळे आहे: त्यांनी १८७० च्या सुमारास पहिल्या होलसाठी स्वतंत्र ग्रीन तयार केल्यामुळे मैदान घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने खेळणे शक्य झाले. पूर्वी ते काट्यांच्या दिशेने खेळत असत, म्हणूनच काही बंकर (वाळूचे खड्डे) आज अनाकलनीय जागी, टीवरून (होलचा पहिला फटका मारतात त्या जागेवरून) न दिसणारे असे वाटतात. मला तर त्या मैदानाची खरी गंमत याच विसंगतीत दिसते.