दिएंग पठार (मध्य जावा): आईबाबांना घेऊन जाण्यासारखं आहे का?

सायली_नाशिक
ऑगस्टमध्ये आईबाबांना घेऊन जोगजाला (योग्यकार्ताला) जातोय. बोरोबुदुर आणि प्रंबानन ठरलेलंच आहे. बाबा सत्तरीचे, देवळांचं प्रचंड वेड. त्यांना कुठूनतरी कळलंय की दिएंग नावाच्या डोंगरातल्या गावात अर्जुन, भीम, घटोत्कच यांची देवळं आहेत, तेव्हापासून दुसरा विषय नाही. आईचे गुडघे दुखतात आणि ती शाकाहारी. सकाळी जाऊन रात्री परत येता येईल का? की मुक्काम करावा?

भटकंती_चालू
सिकुनीर टेकडीवरचा सूर्योदय अजिबात चुकवू नका! पहाटे तीनला निघायचं. स्वर्ग आहे स्वर्ग.

इचलकरंजीकर
सायलीताई, मुक्काम कराच. जोगजाहून वोनोसोबोमार्गे साडेतीन-चार तास लागतात, शेवटचे २६ किलोमीटर सगळा घाट. एका दिवसात उरकलंत तर बाबांना देवळं मिळतील आणि आईला नुसता घाट.

मी इकडं पुर्वाकार्ताला सूतगिरणीत आहे. आमच्या खात्यातला एक फिटर दिएंग कुलोनचा, त्याच्यासंगं त्याच्या घरी जाणं होतं. दोन हजार मीटरच्या वरचं गाव, म्हणजे महाबळेश्वरापेक्षा सातेकशे मीटर उंच. संध्याकाळ झाली की पाहुण्याला बाहेरच्या खोलीत कुणी बसवत नाही, थेट स्वयंपाकघरात चुलीपुढं. त्याची म्हातारी निखाऱ्यात बटाटे सारते आणि सोलून हातावर ठेवते. मीठसुद्धा लागत नाही.

आता देवळं. नावं पांडवांची असली तरी ती मागाहून चिकटलेली. मूळची शिवाची देवळं, सातव्या-आठव्या शतकापासूनची, जावात उभ्या असलेल्या सगळ्यांत जुन्या दगडी देवळांपैकी. प्रंबाननचा दिमाख इथं नाही, गाभारे एवढे एवढे. एका मैदानात पाच आहेत: अर्जुन, त्याच्यासमोर सेमार, मग श्रीकंडी, पुंतदेव आणि सेंबद्र. पुंतदेव म्हणजे धर्मराज, सेंबद्र म्हणजे सुभद्रा. सेमार महाभारतात शोधू नका, तो जावातल्या छायानाट्यातला पांडवांचा सेवक. दिसायला विदूषक, पण मुळात देव. आणि श्रीकंडी म्हणजे आपला शिखंडी, तिकडं ती बाई आहे, पट्टीची धनुर्धर आणि अर्जुनाची बायको. बाबांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर गाईडशी भांडण ठरलेलं.

श्रीकंडीच्या आत वेळ घालवू नका, बाहेरून फिरा. भिंतींवर विष्णू, शिव आणि ब्रह्मा आहेत, झिजलेत पण ओळखू येतात. भीमाचं देऊळ जरा लांब, एकटंच. त्याचं शिखर बाकीच्यांसारखं नाही, आपल्याकडच्या शिखरांच्या वळणाचं आहे, आणि त्यावरच्या गवाक्षांतून दगडी मुंडकी बाहेर डोकावतात. बाबा तिथून हलणार नाहीत, छत्री जवळ असू द्या.

पाच देवळांचं मैदान सपाट आहे, आईंना त्रास नाही. सिकुनीर मात्र पायऱ्यांचा चढ आहे आणि ऑगस्टात सूर्यापेक्षा माणसांच्या पाठीच जास्त दिसतात. ते सोडा. त्याऐवजी सेंबुंगान गावात उजाडल्यावर जा. जावातलं सगळ्यांत उंचावरचं गाव म्हणून ओळखतात, तळ्याकाठी आहे, आणि गाडी जाते.

भटकंती_चालू
ज्वालामुखीचं विवर पण आहे ना? तिथं कितपत जवळ जाता येतं?

इचलकरंजीकर
सिकीदांगला जा, कठड्याआडून खदखदणारा चिखल बघा, गंधकाच्या वासाला तोंडाला रुमाल घ्या. पण "आडवाट दाखवतो" म्हणणाऱ्याच्या नादी लागून दुसऱ्या कुठल्या विवराकडं जाऊ नका. फेब्रुवारी १९७९ मध्ये पहाटे सिनिलाचं विवर फुटलं. लोक घाबरून घरं सोडून बातूर गावाच्या दिशेनं पळाले आणि वाटेतच कार्बन डायऑक्साइडमध्ये सापडले. हा वायू हवेपेक्षा जड, खोलगट जागी साचतो, वासही नाही. दीडशेच्या आसपास माणसं गेली. फिटरची आई तेव्हा तरुण होती. त्या वाटेवरून चालताना आजही ती बोलायची थांबते. २०११ मध्ये जवळच्याच तिंबांग विवरातून वायू सुटला तेव्हा पुन्हा लोकांना हलवावं लागलं होतं.

अनु_मिरज
ऑगस्टमध्ये तिथं लहान मुलांच्या जटा कापायचा सोहळा असतो असं वाचलं. खरं आहे?

इचलकरंजीकर
खरं आहे, आणि आपल्या भागातल्या माणसानं तो बघावाच. तिकडं काही पोरांना ताप येतो आणि मग केस आपोआप गुंतून जट होते, असं सांगतात. मुलगा असो की मुलगी. कोलोदेते नावाच्या मूळपुरुषाचा वारसा मानतात. जट कापायची ती पोरानं स्वतः "कापा" म्हटल्यावरच. त्याआधी ते काहीतरी मागतं आणि आईबापाला तेच आणून द्यावं लागतं. कुणी बकरी मागतं, कुणी सायकल. मागितलेलं दिलं नाही तर जट परत येते ही समजूत. मग अर्जुनाच्या देवळापुढं वाजतगाजत कापतात, केस पाण्यात सोडतात, आणि पोरगं दुसऱ्या दिवशी इतर पोरांत खेळायला मोकळं.

आपल्याकडं काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. पोरीच्या डोक्यात जट दिसली की यल्लमाचं बोलावणं, सौंदत्तीला देवदासी म्हणून सोडायची भाषा. आमच्या गल्लीतली एक बाई कमरेखाली लोंबणारी जट घेऊन म्हातारी झाली, मान वाकडी झाली, पण कात्री लावायला कुणी तयार नाही. आता अंनिसचे (अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे) कार्यकर्ते घरोघरी जाऊन समजूत घालून जटा कापतात, तेव्हा कुठं बायका सुटतात. श्रद्धा दोन्हीकडं आहे, पण दिएंगच्या श्रद्धेत कापायची सोय ठेवलीय. मला तरी ते जास्त शहाणपणाचं वाटतं.

जत्रेसारखा हा महोत्सव २०१० पासून भरतो, तारीख दर वर्षी बदलते. त्या दिवसांत खोल्या मिळत नाहीत आणि घाटात गाड्या अडकतात. सायलीताई, आईंचे गुडघे बघता तुम्ही मात्र ते दिवस टाळा.

पठारकर_मंचर
दादा, निखाऱ्यातले बटाटे वाचून राहवेना. आम्हीपण बटाटेवाले. सऱ्या कशा पाडतात तिकडं?

इचलकरंजीकर
उताराच्या दिशेनं, वरून खाली सरळ! मी पण तेच विचारलं. म्हणे आडव्या पाडल्या तर पाणी तुंबतं आणि पीक सडतं. पण त्यामुळं पावसाळ्यात माती ओढ्याला जाते, आणि वर कोंबडीखताची पोती ओतत राहायची. उभ्या कड्यावरसुद्धा झाड ठेवलं नाही, सगळा बटाटा. तळ्यांतून पंपानं पाणी उचलतात, रस्त्याकडेला प्लास्टिक पाइपांच्या जुड्याच्या जुड्या दिसतात. जुलै-ऑगस्टात पहाटे दहिवर गोठतं, त्याला ते विषारी दव म्हणतात. पर्यटक त्याचे फोटो काढतात आणि शेजारच्याच वावरात शेतकरी ऊन पडायच्या आत पानांवर पाणी मारून बर्फ धुवत असतो.

सायली_नाशिक
खूप आभार दादा. मुक्काम नक्की. आईच्या जेवणाचं काय करू?

इचलकरंजीकर
तेंपे केमुल मागवा, सोयाबीनच्या वड्या हळदीच्या पिठात बुडवून तळतात, आपल्या भज्यांसारखं. "मी ओंगक्लोक" नावाच्या रश्श्यातल्या नूडल्स वोनोसोबोची शान आहेत, पण त्या घट्ट रश्श्यात सुकटीची पूड असते आणि सोबत मांसाच्या काड्या येतात, ते आईंना नको. "तान्पा दागिंग, तान्पा एबी" म्हणजे मांस नको, सुकट नको, एवढं पाठ करा. पाकातली कारिका खा, पपईच्या जातीतलं फळ आहे. पुर्वाचेंग नावाच्या तिथल्या वनस्पतीची कॉफी बाबांना कुणी आग्रहानं पाजायला लागलं तर ती कशासाठी पितात ते आधी विचारून घ्या, हा हा.

गरम पाण्याचं खोली ठरवतानाच बोला. "आहे" म्हणाले तर किती वाजेपर्यंत तेही विचारा.